किती वाजले, किती वेळ झाला

रात्री दोन दहाला पिंपळगावची लाइट गेली आणि आली.
एवढंच. डोळा मिटून उघडावा तितकं.
पण कोल्ड स्टोरेजचा कंट्रोलर त्या उघडझापीत नव्याने जन्मला
आणि जन्मल्या जन्मल्या
आपल्या बटणाएवढ्या बॅटरीवरच्या घड्याळाला विचारता झाला,
किती वाजले?
घड्याळ म्हणालं, दोन दहा.
हा समजला, ग्रीनिचचे दोन दहा.
साडेपाच तास मिळवले, स्वतःशी म्हणाला,
म्हणजे इथे सात चाळीस. सकाळ झाली की.

बर्फ वितळवायचा हीटर लावला,
एका थ्रेडला बसवलं राखणीला:
वीस मिनिटं थांब, मग बंद कर.
ओळ माझ्याच हातची.
पण खाली, लायब्ररीच्या तळघरात,
तिचं गुपचूप दुसरंच वाक्य होत होतं:
आठ वाजेपर्यंत थांब.
ही दोन्ही वाक्यं एकच, असं
मलाही इतकी वर्षं वाटत होतं.

दोन चौदाला नेटवर्क आलं.
कुठल्याशा सर्व्हरने कान धरला,
अरे, अजून सव्वादोनसुद्धा नाहीत.
कंट्रोलरने मुकाट काटे मागे घेतले.
थ्रेड झोपलेला. त्याला कोण सांगणार?
त्याला आठ हवे होते,
आणि आठ पावणेसहा तास लांब गेले होते.
हीटर तापत राहिला
थॉमसनच्या अकराशे पेट्यांच्या उशाशी.

साडेतीनला सुकदेव बोरस्तेंचा फोन:
"मॅडम, द्राक्षांना घाम फुटलाय.
मी मेन स्विच पाडला.
तुमचं मशीन कशाची वाट बघतंय?"
आठ वाजायची, असं माझ्याने म्हणवलं नाही.

दुसऱ्या दिवशी अंबडच्या ऑफिसात कोड उसवताना
आठवलं माझं लग्न, पंचवटीतलं कार्यालय.
घंगाळात तांब्याची वाटी सोडलेली,
बुडाला सुईएवढं भोक.
कुणाचं घड्याळ पुढे, कुणाचं मागे,
मामांचं तर बंदच,
आणि मॅनेजर दर पाच मिनिटांनी
"वेळ झाली, वेळ झाली" करत फिरणारा.
वाटीला कुणी विचारलं नाही किती वाजले.
तिला ते ठाऊकच नव्हतं.
आपल्यात पाणी किती आलं, एवढंच तिचं ज्ञान.
बुडाली, आणि अंतरपाट दूर झाला.

मशीनच्या पोटातही तशी एक वाटी असते.
मशीन उठल्यापासून भरत जाते,
मागे कधी सांडत नाही.
तारीख विचारा, गप्प.
(मशीन झोपलं की काही ठिकाणी तीही थांबते;
ते मी अजून तपासतेय.)

तर थ्रेडबाबा,
कुठल्या घड्याळाने वाट पाहायची
हे पाहायला बसण्याआधी ठरवायचं असतं.
बसल्यावर सांगून उपयोग नाही.
आणि कधी उगाच दचकून जाग आली
तर धावू नकोस रिलेकडे.
ज्यासाठी झोपलास ते झालं का बघ.
नसेल तर उरलेली मिनिटं मोज
आणि पुन्हा पड.
नव्याने वीस नाही. उरलेलीच.

शनिवारी पिंपळगावला जाऊन चाचणी घेतली.
हीटर लावला आणि मधेच
घड्याळ नेलं कालच्या दुपारी,
तिथून पुढच्या दिवाळीत,
तिथून एकदम माझ्या जन्माच्या आधी.
पॅकहाउसमधल्या भिंतीवरचं घड्याळ
बायका वेळेवर याव्यात म्हणून
आधीच दहा मिनिटं पुढे लावलेलं.
सुकदेव त्याच्याकडे बघतही नव्हते.
त्यांनी नळाखाली कॅन लावला होता,
"हा बरोबर वीस मिनिटांत भरतो."

आम्ही दोघं पायरीवर बसलो.
निफाडकडून गार वारा येत होता.
खट्. रिले पडला.
मी कॅनमध्ये डोकावले,
अजून दोन बोटं रिकामा.

सुकदेवांनी मशीनकडे पाहिलं, मग नळाकडे.
"आज पाण्यालाच जोर नाही," म्हणाले.